फळ्याचा उजवा कोपरा

आमच्या वर्गात पहिला नंबर कुणाचा यायचा, हे आता कुणाला धड आठवत नाही. वसंता म्हणतो त्याचा. तो म्हणणारच, देशमुखाचा पोरगा आहे, दुसरा नंबर त्याच्या तोंडून निघायचा नाही. पण कुणाची कुठली चूक, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ. पन्नाशी उलटलेली, सुना-जावई आलेली माणसं माझ्या गुलमंडीतल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गाद्यांना टेकून बसली होती आणि एकमेकांकडं बोट दाखवून पोट धरून हसत होती. "ह्यानं वर्तुळाला कोपरा काढला होता!" "आणि तू रे? तू शून्यानं भागून मोकळा झालास, पाणी प्यायला गेलास!" खाली माझा मुलगा गिऱ्हाइकाला कापड दाखवत होता, तो दोनदा जिन्यातून डोकावून गेला. म्हाताऱ्यांना झालंय तरी काय, असं त्याचं तोंड झालं होतं.

बैठक होती शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची. मंडप किती मोठा, जेवणात पुरी की पोळी, असल्या गोष्टी ठरवायला जमलेलो. त्यातलं काहीच ठरलं नाही. तीन तास आम्ही फक्त सरांबद्दल बोललो.

सरांना आम्ही 'कैसाआया' म्हणायचो. पाठीमागं अर्थात. समोर म्हणायची कुणाची छाती होती? सर गणित शिकवायचे. पोलिस ॲक्शन होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. शाळा आधी उर्दू होती, ती मराठी झाली. पुस्तकं बदलली, दारावरची पाटी बदलली, प्रार्थना बदलली. मास्तरांतले काही हैदराबादला निघून गेले, काहींनी नोकरी सोडून शेती धरली. सर राहिले. सर पैठणकडचे, घरात चोख मराठी. पण शिक्षण पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत उर्दूत झालेलं. त्यामुळं बायकोशी बोलायचे मराठीत आणि बेरीज करायचे उर्दूत. वर्गात मराठीत शिकवता शिकवता ओठांतल्या ओठांत 'सात नम तिरसठ' चालायचं. आणि प्रत्येक पोराला हाक एकच, 'मियाँ'. आमच्या वर्गात जोशी पण मियाँ, देशमुख पण मियाँ आणि आमचे इब्राहिम तर होतेच मियाँ.

अंगात बारा महिने काळी शेरवानी. तेव्हा शेरवान्या लोकांनी ट्रंकेच्या तळाशी टाकल्या होत्या, कोट-टोपी आली होती. हेडमास्तर एकदा म्हणाले, "अहो, आता जमाना बदलला, कोट शिवा की एखादा." सर म्हणाले, "जमाना बदलला साहेब, थंडी तीच आहे." आता औरंगाबादच्या मे महिन्यात ते थंडी कुठून आणायचे, देव जाणे. सायकलही होती त्यांच्याकडं, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नाही. हँडल धरून तिच्या शेजारून चालायचे. एकदा डोक्यात गणित घोळवत असताना पैठण गेटजवळ पडले म्हणे, तेव्हापासून सायकलीला नुसतं बरोबर घेऊन फिरायचे. म्हणायचे, "हिला पण हवा लागते."

फळ्यावर लिहायची एक गंमत होती. खडू उचलला की सर आधी डावा हात फळ्याच्या डाव्या कडेला टेकवायचे आणि हळूच म्हणायचे, "इथून." मग लिहायला सुरुवात. आम्हाला आधी वाटायचं काही मंत्रबिंत्र असेल. पुढं त्यांनीच सांगितलं. लहानपणी त्यांच्या पुस्तकांत सगळं उर्दूसारखं उजवीकडून डावीकडं चालायचं, गणितसुद्धा. त्यांनी त्रिकोण काढला तर पहिलं अक्षर उजव्या टोकाला, प्रमाण मांडलं तर पहिली रक्कम उजव्या बाजूला. हात अजून तिकडंच पळायचा. म्हणून रोज हाताला बजावायचं, इथून. आम्ही पोरं त्याचं सोंग आणायचो. जेवायला बसताना ताटाच्या डाव्या कडेला हात लावायचा, "इथून" म्हणायचं आणि चटणीपासून सुरुवात करायची.

फळ्याचा उजवा वरचा कोपरा मात्र त्यांनी राखून ठेवला होता. तिथं खडूची चौकट आखलेली असायची आणि तिच्यात आठवडाभर एका पोराची चूक. नुसती चूक नाही, खाली त्या पोराचं नाव, ठसठशीत. बरोबर गणितं यायची आणि पुसली जायची, ती चौकट शनिवारपर्यंत हलायची नाही.

माझंच सांगतो. मी अपूर्णांकांची बेरीज करताना वरचे आकडे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. वही घेऊन उभा राहिलो, आता कान तुटतो की काय म्हणून. सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "वाह मियाँ! कैसा आया?"

मी म्हणालो, "वर वर मिळवलं सर, खाली खाली."

"ते दिसतंय. कैसा आया? और नीचे उतरो."

हे त्यांचं दुसरं वाक्य. आणखी खाली उतर. पोरानं दिलेलं पहिलं कारण ते कधी घ्यायचे नाहीत. म्हणायचे, पहिलं कारण माणूस दुसऱ्याला सांगायला तयार ठेवतो. मी उतरत गेलो, उतरत गेलो, शेवटी रडवेला होऊन म्हणालो, "सर, आमच्या दुकानात वरच्या मजल्यावर साड्या असतात, खाली धोतरं. मोजताना साड्या साड्यांत, धोतरं धोतरांत." सरांनी टाळीच वाजवली. सगळ्या वर्गाला म्हणाले, "देखो! गलती दुकान से आई है!" आणि माझी चूक आठवडाभर चौकटीत बसली.

घरी कुणीतरी चुगली केली. वडील तापले. गुलमंडीत आपली इज्जत आहे, पोराचं नाव चुकीखाली लिहितो म्हणजे काय, असं म्हणत डोक्यावर टोपी घातली आणि थेट शाळेत. मला वाटलं आज सरांचं काही खरं नाही. सरांनी वडिलांना खुर्ची दिली, फळ्यासमोर बसवलं आणि ती चूक वरून खाली, खालून वर समजावून सांगितली. "देखिए सेठजी, पोरानं डोकं चालवलंय. दुसऱ्याचं नाही, स्वतःचं." वडील आले ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगत सुटले, आमच्या पोराची चूक फार वेगळी आहे म्हणून. आई कपाळाला हात लावून बसली.

शनिवारी शेवटच्या तासाला ज्याची चूक त्यानं पुढं यायचं. सर विचारायचे, "समजलं?" समजलं असेल तर त्यानं आपल्या हातानं पुसायचं. नसेल तर चौकट पुढच्या शनिवारपर्यंत तशीच. जोशाची चूक महिनाभर राहिली होती, शेवटी तिला जाळं लागेल म्हणून पोरं हसायला लागली.

एकदा तपासणीला साहेब आले. सगळी शाळा सारवली होती, पताका लावल्या होत्या. साहेबांनी चौकट पाहिली आणि भडकले. चुकीचं गणित फळ्यावर? पुसा आधी ते! हेडमास्तर डस्टर घेऊन धावले. सर मध्ये उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "शनिवारपर्यंत राहू द्या, साहेब. पोराची मेहनत आहे." साहेब लालबुंद होऊन निघून गेले. सर पुढं कधी हेडमास्तर झाले नाहीत. त्याच्यामुळंच झाले नाहीत असं मी म्हणत नाही, वसंता म्हणतो.

सरांचं म्हणणं असं की, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, त्यात पोरगं दिसत नाही. चूक म्हणजे पोराचा चेहरा. "दोन पोरांची एक चूक मी आजवर पाहिली नाही," असं ते अभिमानानं सांगायचे. आम्हालाही ते पटलं होतं. इतकं पटलं होतं की खंडूच्या वेळी आम्ही कुणी तोंड उघडलं नाही. म्हणजे मी उघडलं होतं, पण ते सांगतो.

खंडू अजिंठ्याच्या अंगाचा. धनगराचं पोर, बोर्डिंगात राहायचा. मोठमोठे हात, कमी बोलणं, आणि हसला तर एकदम मोठ्यानं. माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याचे वडील एकदा त्याला भेटायला आले, ते मेंढरं घेऊनच आले होते. शाळेच्या फाटकात सगळा कळप. पोरांना तमाशाच मिळाला. खंडू मात्र ताठ मानेनं गेला आणि बापाच्या शेजारी मेंढरांत उभा राहिला.

सहामाहीच्या पेपरात एक उदाहरण होतं. दोन भावांत शेत तीनास पाच या प्रमाणात वाटायचं. धाकट्याचे तीन भाग, थोरल्याचे पाच. माझं चुकलं. मी थोरल्याचं धाकट्याला दिलं. खंडूचंही तेच चुकलं. तीच चूक, तशीच मांडणी. बाकी वर्गात कुणाचंच तसं नव्हतं.

पेपर वाटायच्या दिवशी सर आले आणि त्यांनी चौकटीकडं बघितलंसुद्धा नाही. दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि खंडूला उभं केलं. "नकल केलीस?"

"नाय सर."

मी उठून म्हणालो, "सर, त्यानं बघितलं नाही. मी हात आडवा धरून लिहितो." सर म्हणाले, "दोस्तासाठी बोलतोस, चांगलं आहे. बैठो."

मग खंडू जे म्हणाला ते अजून माझ्या कानात आहे. म्हणाला, "सर, मला विचारा ना. कसं आलं ते विचारा. सगळ्यायला विचारता, मला बी विचारा."

सर म्हणाले, "नकल को क्या पूछना?"

बोर्डिंगात नियम कडक होता. नकल करणाऱ्याला जागा नाही. दुसऱ्या दिवशी त्याची पेटी गेली, तोही गेला. शिकून मोठा होईन असं तो कधी बोलला नव्हता, पण त्याला ते करायचं होतं हे मला ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत तो माझी इंग्रजीची पुस्तकं वाचत बसायचा. त्या बाकावर पुढं कुणी बसलं की मला राग यायचा.

तर मेळावा. इतक्या वर्षांनी सगळे जमणार, मग सत्कार कुणाचा करायचा हा प्रश्नच नव्हता. सर पंचाहत्तरीच्या पुढं गेले होते, तब्येत ठणठणीत. वसंता आणि मी त्यांच्या घरी गेलो. सायकल अंगणात भिंतीला टेकून उभी होती, चाकातली हवा गेलेली. बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, चहा दिला. सर एक घोट प्यायले आणि म्हणाले, "मीठ पडलंय. कैसा आया?" बाई म्हणाल्या, "बघा हो, पन्नास वर्षं झाली, अजून मला वर्गातच बसवतात!"

वसंतानं सत्काराचं काढलं. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं सविस्तर. सरांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "खंडू येणार आहे?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. खंडू कुठं असतो, जिवंत तरी आहे का, आम्हाला काय माहीत!

"तो आला तर मी आलो," सर म्हणाले. "नाहीतर शाल वसंताच्या अंगावर घाला, त्याला शोभते." का म्हणून विचारलं तर उठून आत गेले. बाई हळूच म्हणाल्या, "मागं नातीला गणित शिकवत होते, तेव्हापासून हे नाव काढतात. काय झालं ते सांगत नाहीत."

मग सुरू झाला शोध. वसंतानं आपल्या पद्धतीनं केला, म्हणजे चार लोकांना फोन करून दम दिला. मी माझ्या पद्धतीनं. दुकानात अजिंठा-सिल्लोडकडचं गिऱ्हाईक आलं की आधी चहा सांगायचा आणि मग विचारायचं, खंडू म्हणून कुणी ठाऊक आहे का, धनगराचा, मोठमोठ्या हातांचा? लोक म्हणायचे, शेठ, धनगरात खंडू कमी आहेत का! एक दिवस लग्नाचा बस्ता बांधायला आलेली एक बाई म्हणाली, "मोठ्या हातांचा म्हणजे ट्रकवाला का? आमच्या भावकीतलाच आहे की. इथंच ऱ्हातो, पुंडलिकनगरला."

मी कापड तिथंच टाकलं. अरे, पुंडलिकनगर! माझ्या दुकानापासून रिक्षानं जायचं अंतर. इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच गावात धूळ खात होतो.

घर चांगलं होतं, दुमजली, दारात ट्रक. दार त्यानंच उघडलं. केस पांढरे, हात तेच. मी नाव सांगायच्या आधी म्हणाला, "शेठचं पोरगं ना तू? हात आडवा धरून लिहिणारा." आणि तसाच मोठ्यानं हसला. मला तर भरूनच आलं. त्याच्या बायकोनं पोहे केले, पोरांची, सुनांची ओळख झाली. क्लीनर म्हणून लागला, ड्रायव्हर झाला, स्वतःची गाडी केली, आता दोन्ही पोरं तोच धंदा करतात. सगळं मजेत सांगितलं त्यानं. मग मी शाळेचं नाव काढलं, आणि हसू गेलं.

"नको," तो म्हणाला.

"सर म्हणतात, तू आलास तरच येतील."

"म्हणू दे." त्यानं चहाचा कप बाजूला सारला. "तुला सांगतो, सारा मुलूख हिंडलो. नागपूर, इंदूर, पार मद्रास. पण त्या शाळेच्या रस्त्यानं गाडी कधी घातली नाय. गुलमंडीत माल टाकायचा आसला तरी लांबून वळसा घालून यायचो. डिझेल जळालं तर जळू दे. पोरायला वाटतं, बाप याडा हाय."

"खंडू, तू नकल केली नव्हतीस, मला माहिती आहे."

"तुला माहिती आसून काय उपेग?" त्यानं वर बघितलं. "माझ्या बापानं विचारलं होतं मला, खरं सांग म्हणून. म्या सांगितलं. मरेपर्यंत त्याला खरं वाटलं नाय. म्हणायचा, येवढे शिकलेले मास्तर, ते का खोटं बोलतील."

मी पत्रिका तिथं ठेवली आणि निघालो. जिन्यात त्याची बायको म्हणाली, "मी सांगते त्येंला. पण ऐकतील याचा भरवसा नाय."

सरांना जाऊन जसंच्या तसं सांगितलं. बापाचंही सांगितलं. सर चष्मा पुसत बसले, पुसत बसले.

मेळावा रविवारी होता. मंडप भरला, लाउडस्पीकर किंचाळला, जुनी माणसं एकमेकांची पोटं आणि टकलं बघून ओरडत होती. सगळं झकास चाललं होतं आणि वसंता धावत माझ्याकडं आला. "अरे, सर आलेत!" म्हटलं, मग बसव की स्टेजवर. "बसत नाहीत! फाटकावर बसलेत!"

जाऊन बघतो तर काय, शिपायाच्या स्टुलावर सर. अंगात काळी शेरवानी, बाह्या विरलेल्या. रस्त्याकडं तोंड करून बसलेले. आत त्यांच्या नावाचा गजर चाललाय आणि हे बाहेर. आम्ही हात जोडले, वसंता तर चिडलाच. "सर, उन्हात कशाला बसताय?" म्हणाले, "वर्गाबाहेर उभं राहायची सवय मास्तरालाही असावी." भाषणं झाली, गाणी झाली, जेवणाची पानं मांडायला लागले. सर हलले नाहीत. मीही त्यांच्याजवळ उभा राहिलो. मला आत करमेना.

ऊन कलायला लागलं तेव्हा एक रिक्षा थांबली. खंडू उतरला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. रिक्षावाल्याला म्हणाला, थांब जरा, मी लगेच येतो.

सर स्टुलावरून उठले. दोघंही एकमेकांकडं बघत उभे. मला वाटलं आता सर त्याला जवळ घेतील, आता हा पाया पडेल. कुणी काही केलं नाही. सर म्हणाले, "आलास? वर्गात चल."

आमचा वर्ग तोच होता. खिडक्यांना नवा रंग, बाक नवीन, फळा मात्र भिंतीतला जुनाच. सर पुढं, मागं खंडू, मागं मी, आणि मग मंडपातले निम्मे लोक. वसंता शाल-श्रीफळ घेऊन दारात अडकला होता. आपोआप सगळे आपापल्या जुन्या जागी बसले. खंडू बसला नाही.

सरांनी खडू घेतला. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली. रेघ वाकडी आली. आत प्रमाण मांडलं. तीन उजवीकडं, पाच डावीकडं. आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, ठसठशीत.

"पोळ्याचा दुसरा दिवस होता," सर आमच्याकडं न बघता बोलायला लागले. "गावाकडची पोरं गावाला गेलेली. शहरातली सुट्टी समजून घरी. वर्गात दोघंच. एक हा, दुकान जवळ म्हणून आलेला. आणि एक खंडू. याच्या घरी बैल नव्हते, मेंढरं होती, पोळ्याला जाऊन काय करणार. मला ताप होता. बाई म्हणाल्या, जाऊ नका. मी म्हटलं, दोन तर दोन, तास होणार. प्रमाण शिकवलं. त्या दिवशी फळ्याला हात लावायचं विसरलो. हात गेला तिकडून, लहानपणीच्या वाटेनं. पहिली रक्कम उजवीकडं मांडली, पोरं वाचणार डावीकडून. उलटं शिकवलं दोघांना. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग आला, नीट शिकवलं. आणि या दोघांना काय म्हणालो, तुमचं झालंय, जा, मैदानावर खेळा."

मला ते मैदान आठवलं. आम्ही दोघं विटीदांडू खेळलो होतो. बक्षीस मिळालं म्हणून किती खूश होतो आम्ही!

"मग गणपती आले, मग परीक्षा. तुमची मांडणी उलटी आहे, हे मला दिसलंच नाही. मला ती सरळच वाटत होती. उत्तर तेवढं चुकलेलं दिसलं. मागं नात म्हणाली, आजोबा, तुम्ही उलटं लिहिलंत. तेव्हा कळलं." सर खंडूकडं वळले. "चूक माझी होती. तुम्ही दोघांनी ती इमानदारीनं लिहिली."

मला वाटलं, झालं, आता संपलं. बऱ्याच जणांनी डोळे पुसले. खंडू तसाच उभा होता.

"हे समजलं सर," तो म्हणाला. "दोघायला तुम्हीच शिकिवलं, दोघायचं चुकलं. पण नकल माझीच कशी? ह्याची का नाय?" त्यानं माझ्याकडं हात केला. मग अगदी सावकाश म्हणाला, "कैसा आया, सर?"

सरांनी फळ्याला हात टेकवला. "तू मागच्या बाकावर होतास."

"और नीचे उतरो," खंडू म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा.

सरांनी खडू खाली ठेवला. बोलले तेव्हा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना पुढं सरकावं लागलं. "याच्या बापाला मी खुर्ची दिली होती. तुझा बाप आला तेव्हा फाटकात मेंढरं बघून पोरं हसली. मीही हसलो होतो. पेपर समोर आले, तेव्हा चोर कोण हे मी गणित बघायच्या आधीच ठरवलं होतं. म्हणून तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग मला माझ्यात उतरावं लागलं असतं."

असं कुणी बोलतं का हो सगळ्यांसमोर? शाल-श्रीफळ दारात ताटकळत असताना? मला त्या क्षणी सरांचा राग आला आणि मायाही आली, दोन्ही एकदम, आणि दोन्ही अजून गेलेली नाहीत.

सरांनी टेबलावरचं डस्टर उचललं. "समजलं, मियाँ," ते म्हणाले, स्वतःलाच, आणि चौकटीकडं हात नेला.

खंडूनं त्यांचं मनगट धरलं. त्या मोठ्या हातात सरांचं मनगट पार दिसेनासं झालं.

"राहू द्या," तो म्हणाला. "आज रविवार हाय. शनिवारपर्यंत राहू द्या."

सरांनी त्याच्याकडं बघितलं. मान डोलावली. डस्टर खाली ठेवलं. "बरोबर. शनिवारी येतो. पण आता पायी इतकं होत नाही मला."

खंडू फळ्यावरचं ते नाव वाचत होता. तसाच वाचत वाचत म्हणाला, "मी येतो न्यायला. ट्रक घेऊन. ह्याच रस्त्यानं."